कर्नलची मांडणी आणि सातपुड्यातील यंत्र

संगणकाच्या संदर्भात नंदुरबार जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले ते २९ सप्टेंबर २०१० या दिवशी. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली या लहानशा गावी एका आदिवासी स्त्रीच्या हाती देण्यात आला. त्यानंतर रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, बँक मित्राची पेटी, आशा ताईंच्या हातातील फोन अशा नाना वाटांनी संगणक अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या पाड्यांपर्यंत गेला. परंतु गेला तो सर्वांगाने सिद्ध आणि मोहोरबंद होऊन. त्याच्या अंतरंगात काय असावे आणि काय नसावे यासंबंधीचे सर्व निर्णय अन्यत्र, सातपुडा कधी न पाहिलेल्या माणसांनी घेतलेले होते. हे निर्णय जेथे घेतले जातात त्या कामाचा, म्हणजे लिनक्स कर्नल एखाद्या विशिष्ट प्रोसेसरसाठी बांधण्यापूर्वी त्याची मांडणी ठरविण्याच्या विद्येचा, परिचय येथे करून द्यावयाचा आहे. ही विद्या नंदुरबारात बसून करता येण्याजोगी आहे, आणि ती येथे केली गेली पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. स्मृतीची वाटणी, प्रोसेसरच्या वेळेचे नियोजन, डिस्क, नेटवर्क आणि इतर उपकरणांशी चालणारा सर्व व्यवहार त्याच्या अखत्यारीत येतो, आणि त्याच्या परवानगीवाचून कोणत्याही प्रोग्रॅमला यंत्राच्या एका बाइटलाही हात लावता येत नाही. लायनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या लिनक्स कर्नलच्या उद्योगाची जाहीर वाच्यता केली, तेव्हा तो केवळ इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरपुरता होता आणि दुसऱ्या यंत्रावर नेता येण्यासारखा नाही असे त्याने स्वतःच नमूद केले होते. चार वर्षांत हे विधान रद्दबातल झाले. मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स या भिन्न जातींच्या प्रोसेसरांना स्थान मिळाले. ६४ बिटी आर्म डिसेंबर २०१२ मध्ये ३.७ या आवृत्तीत आला आणि रिस्क-फाइव्ह जानेवारी २०१८ मध्ये ४.१५ मध्ये. आज या संहितेच्या ओळी तीन कोटींहून अधिक आहेत. त्यांतील बहुतांश भाग सर्व यंत्रांना समान असून प्रत्येक प्रोसेसर-कुळाचे जे काही वेगळेपण आहे ते ‘आर्च’ नावाच्या एका दप्तरात, कुळागणिक स्वतंत्र खाते उघडून, ठेवलेले असते.

या व्यवस्थेचे मोल महाराष्ट्राला पुण्याच्या सी-डॅक या प्रगत संगणन संस्थेच्या इतिहासावरून विशेष कळावे. अमेरिकेकडून महासंगणक मिळणे दुरापास्त झाल्यावर १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. तो ट्रान्सप्युटर जातीच्या प्रोसेसरांवर उभा होता. १९९८ चा ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवर आणि सोलारिसवर, त्यानंतरचा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर आणि एआयएक्सवर, अशी परंपरा चालली. प्रोसेसर पालटला की त्याच्या मालकाची प्रणालीही पालटे, आणि आधीच्या यंत्रावर कमावलेल्या जाणकारीचा मोठा अंश निकामी होई. पुढच्या ‘परम युवा’पासून इंटेलचे प्रोसेसर आणि लिनक्स ही जोडी स्थिरावली. जगातही तेच घडले: नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. सप्टेंबर २०२४ मध्ये खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या सेवेसाठी अर्पण झालेला ‘परम रुद्र’ आणि नंदुरबार जिल्ह्यातील तळोद्याच्या बाजारात विकला जाणारा साधा अँड्रॉइड फोन यांच्या तळाशी आज एकच संहिता आहे, ही गोष्ट मला आपल्या काळातील मोठ्या आश्चर्यांपैकी एक वाटते. भेद पडतो तो मांडणीने.

ती मांडणी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, उतरते. सातबाऱ्याचा कोरा नमुना राज्यभर एकच असतो, पण त्यातील नोंदी त्या त्या गट क्रमांकाच्या जमिनीशिवाय दुसऱ्या कशालाही लागू पडत नाहीत, तसेच या फाईलचे आहे. प्रश्न सर्वांना तेच, उत्तरे यंत्राची. पर्याय पंधरा हजारांहून अधिक असून प्रत्येकाच्या अटी ‘केकॉन्फिग’ या भाषेत लिहिलेल्या असतात. रोमन झिपेल यांनी सिद्ध केलेली ही पद्धती २००२ अखेरीस कर्नलमध्ये दाखल झाली आणि अद्याप टिकून आहे. कोणता पर्याय कोणावर अवलंबून, कोणता निवडल्याने दुसरा आपोआप निवडला जातो, याचा हिशेब तीच ठेवते. बहुतेक ड्रायव्हरांना तीन उत्तरे देता येतात. ‘वाय’ म्हटले की तो भाग कर्नलच्या देहातच मिसळतो. ‘एम’ म्हटले की वेगळे मॉड्यूल होऊन गरजेच्या वेळी चढविला जातो. ‘एन’ म्हटले की तो त्या यंत्रापुरता अस्तित्वातच नाही.

या तीन अक्षरांत केवढी जबाबदारी साठली आहे हे एका उदाहरणाने ध्यानी येईल. ज्या कार्डावर मूळ फाईल सिस्टीम आहे त्या कार्डाचा ड्रायव्हर ‘एम’ केला आणि प्रारंभिक स्मृतिचित्र (सुरुवातीलाच स्मृतीत चढणारी छोटी फाईल सिस्टीम) सोबत दिले नाही, तर कर्नल उठतो, परंतु मूळ फाईल सिस्टीम वाचण्यासाठी लागणारे मॉड्यूल त्याच फाईल सिस्टीममध्ये बंदिस्त असल्यामुळे तो तेथेच हतबल होऊन थांबतो. पडद्यावर उमटणारी ‘पॅनिक’ची ओळ या विद्येच्या प्रत्येक अभ्यासकाच्या परिचयाची आहे.

आता अक्राणी तालुक्याच्या धडगाव परिसरातील एखाद्या आश्रमशाळेत मराठी विश्वकोश, नकाशे आणि पाठ्यपुस्तके साठवून ठेवणारे, इंटरनेटवाचून चालणारे आणि सौर पट्टीवर भागणारे एक छोटे यंत्र ठेवावयाचे आहे असे समजू. त्यासाठी २०१९ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ४ घ्यावा: त्यात बीसीएम २७११ ही चिप, आणि तिच्यात कॉर्टेक्स-ए ७२ जातीचे चार गाभे. कर्नल बांधावयाचा तो मात्र नंदुरबारातील इंटेलच्या लॅपटॉपवर, कारण त्याचे बळ अधिक. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्राची भाषा निर्माण करावयाची, आणि त्यासाठी आर्म-६४ चा क्रॉस कंपायलर लागतो. बांधणी चालविणाऱ्या ‘मेक’ या प्रोग्रॅमला हुकूम देताना आर्किटेक्चर आर्म-६४ आहे हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. एकदा जरी ते वगळले, तरी ‘मेक’ आपण ज्या लॅपटॉपवर आहोत तेच लक्ष्य मानतो, इंटेलच्या प्रश्नावलीनुसार डॉट कॉन्फिग नव्याने लिहितो, आणि आर्मची मेहनतीने दिलेली उत्तरे पुसली जातात. म्हणून बांधणीची जागाच निराळी ठेवणे आणि हुकूम एका छोट्या स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवणे इष्ट.

आरंभ ‘डेफकॉन्फिग’ने, म्हणजे त्या कुळाच्या जाणत्यांनी तयार ठेवलेल्या मसुद्याने करावा. आर्म-६४ चा हा मसुदा शेकडो प्रकारच्या बोर्डांना पुरेल इतका व्यापक असतो. त्यानंतर ‘मेन्यूकॉन्फिग’च्या याद्या उघडून जागेचा विचार सुरू होतो, आणि येथेच धडगावचे ज्ञान कामाला येते. वीज सूचना न देता जाते. तेव्हा मूळ फाईल सिस्टीम केवळ वाचनासाठी ठेवून लिहिणे स्मृतीत झेलता यावे म्हणून स्क्वॉशएफएस आणि ओव्हरलेएफएस हवेत. यंत्र गोठले तर ते पुन्हा सुरू करायला जाणकार माणूस जवळ असेलच असे नाही. तेव्हा गोठलेले यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग हवा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, आणि नेटवर्क नसेल तर वेळ विचारावी कोणाला? म्हणून बाहेरून जोडण्याच्या डीएस ३२३१ घड्याळाचा ड्रायव्हर हवा. तो डीएस १३०७ या त्याच्या ज्येष्ठ भावंडाच्या नावाने यादीत सापडतो, हे ठाऊक नसलेला मनुष्य बराच काळ शोधत राहतो. सौर बॅटरीवरचा भार हलका राहावा म्हणून प्रोसेसरचा वेग गरजेप्रमाणे उतरविणारी व्यवस्था हवी. स्मृतीच्या पानाचा आकार आर्म-६४ मध्ये ४, १६ किंवा ६४ किलोबाइट निवडता येतो. अल्प स्मृतीच्या यंत्राला चारच योग्य, कारण मोठ्या पानांत लहान फाईली जागा वाया घालवितात.

बोर्डावर कोणते उपकरण कोठे जोडलेले आहे हे पीसीमध्ये बरेचसे आपोआप उमगते. आर्मच्या जगात तसे नसल्याने प्रत्येक बोर्डाकरिता वेगळे कोड लिहिले जाई. त्या पसाऱ्याविषयी टॉरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये उघड नापसंती दर्शविली, आणि त्यानंतर बोर्डाचे वर्णन ‘डिव्हाइस ट्री’ या स्वतंत्र फाईलमध्ये देण्याची रीत आर्ममध्ये रुजली. आपल्या घड्याळाची नोंदही तेथे करावी लागते.

वगळणे हे या कामाचे अर्धे अंग आहे, आणि मला ते अधिक मननीय वाटते. दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांचे ड्रायव्हर, येथे कधी न लागणारी नेटवर्क कार्डे, ध्वनी, कॅमेरे, यांना ‘एन’ म्हणत जावे तसतशी बांधणी वेगवान, प्रतिमा लहान आणि चुकांना वाव अल्प होतो. परंतु वगळण्याचा अधिकार सर्वांत वर, मूळ कर्नलच्या पातळीवरही चालतो. ज्या ८०३८६ साठी हा कर्नल जन्मला त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला, आणि इंटेलचा इटॅनियम जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये, जपणारे कोणी उरले नाही म्हणून, गेला. जुन्या यंत्रांवर निभावणाऱ्या शाळांच्या जिल्ह्याला हा इतिहास माहीत असावा. खाते जिवंत राहते ते कोणीतरी त्याची देखभाल करतो तोवर. संहिता खुली असल्याने ती देखभाल करण्यास जिल्ह्यातल्या शहाद्याच्या विद्यार्थ्यालाही कोणाची मंजुरी लागत नाही.

मांडणी पूर्ण झाली की ‘सेव्हडेफकॉन्फिग’ चालवावे. हजारो ओळींच्या डॉट कॉन्फिगमधून केकॉन्फिगमधील ठरीव उत्तरांपेक्षा निराळ्या अशाच ओळी वेगळ्या निघतात आणि येथे घेतलेले निर्णय वाचणे सोपे होते. शेजारी प्रत्येक निर्णयाचे कारण मराठीत लिहून ती फाईल जतन करावी. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. जुनी पूर्ण डॉट कॉन्फिग फाईल तिच्यासमोर ठेवून ‘ओल्डकॉन्फिग’ म्हटले की आधी दिलेली उत्तरे तशीच राहतात, आणि केवळ नव्याने उद्भवलेले प्रश्न एकेक करून पुढे येतात.