स्क्लोदोव्स्की : एक माहेरचे आडनाव

रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम क्यूरींचे नाव कोणास ठाऊक नाही? परंतु क्यूरी हे त्यांच्या फ्रेंच पतीचे नाव. माहेरचे त्यांचे आडनाव पोलिश होते : स्क्लोदोव्स्की. आपल्याकडे गावाच्या नावास 'कर' लावून जशी आडनावे होतात, तशी पोलंडमध्ये 'स्की' लावून होतात. वॉर्साच्या उत्तरेस असलेल्या स्क्लोदी या गावावरून हे आडनाव पडले. स्त्रियांच्या बाबतीत 'स्की'चे 'स्का' होते. म्हणून पिता स्क्लोदोव्स्की, तर कन्या स्क्लोदोव्स्का.

हे घराणे शिक्षकांचे. आजोबा युझेफ लुब्लिनला शिकवीत. वडील व्लादिस्लाव वॉर्सात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. १८६७ साली मारियाचा जन्म झाला तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. शाळांतून पोलिश भाषेची गळचेपी चाले आणि स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती.

अशा वेळी दोघी बहिणींनी एक करार केला. थोरल्या ब्रोनिस्लावाने आधी पॅरिसला जाऊन वैद्यक शिकावे; मारियाने परक्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवावेत; पुढे थोरलीने धाकटीला हात द्यावा. मारियाने काही वर्षे नोकरीत काढली. ब्रोनिस्लावा डॉक्टर झाली, आणि १८९१ साली मारिया पॅरिसला पोहोचली. शब्द दोघींनीही पाळला.

भाऊ युझेफही डॉक्टर झाला. बहीण हेलेना शिक्षणक्षेत्रात नावाजली. १८९८ साली मारिया व पिएर क्यूरी यांना नवे मूलद्रव्य गवसले. जगाच्या नकाशावर तेव्हा पोलंड नावाचे राज्यच नव्हते. तरीही त्याला नाव दिले गेले 'पोलोनियम'. पुढे १९०३ व १९११ साली मारियाला नोबेल पारितोषिके लाभली.

१९३२ साली स्वतंत्र पोलंडच्या राजधानीत रेडियम संस्था उघडली. तिच्यासाठी एक ग्रॅम रेडियम मारियाने दिले, आणि संस्थेची सूत्रे ब्रोनिस्लावाकडे आली. तरुणपणी दोघींनी केलेल्या कराराचे फळ आता कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत पोहोचले.

१९३४ साली मारियाचे निधन झाले. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये सन्मानपूर्वक ठेवण्यात आले. तेथील शिळेवर क्यूरी या नावाला जोडूनच स्क्लोदोव्स्का हे नावही कोरलेले आहे. सासरची कीर्ती जगभर पसरली, तरी माहेरचे नाव त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.