सायकलवरचं ओझं

जुहूहून भाऊचा धक्का, तिथून रो-रो बोटीने मांडवा आणि पुढे कोकणचा सागरी रस्ता: या वाटेवर सामान तोलूनमापूनच बांधावं. सपाटीवर जादा वजन फारसं जाणवत नाही. तिथे खरा विरोध हवेचा. म्हणून बाजूला फुगलेल्या पिशव्यांपेक्षा सीटमागची लांबट, आटोपशीर बॅग बरी.

चढाला हिशेब बदलतो. ५ किलो जादा सामान १०० मीटर उंच न्यायला सुमारे ४,९०० जूल लागतात, आणि स्नायू त्याच्या जवळपास चौपट ऊर्जा खर्चतात. कोकणात तर खाडी ओलांडली की पुन्हा चढ!

म्हणून सामानातून सर्वांत आधी जीन्स काढा. भिजली की जड होते, दमट हवेत लवकर वाळतही नाही. पंक्चरचं सामान आणि पंप मात्र वजनापायी कधीही घरी ठेवू नका.