ब्रेक पॅड बदलणे

ब्रेक पॅड बदलणे म्हणजे मोटारीच्या डिस्क ब्रेकमधील झिजलेले घर्षणपट्टे काढून त्यांच्या जागी नवे बसवणे. ब्रेक यंत्रणेतील जी मोजकी कामे मोटारमालकाला घरी, साध्या हत्यारांनी करता येतात, त्यांत हे प्रमुख होय. काम अवघड नाही. मात्र त्यातील एखादी बारीक पायरी राहून गेल्यास दुरुस्त झालेली मोटारच धोकादायक ठरते.

रचना आणि झीज

पायाने पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांवाटे कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोहोचतो. दट्ट्या दोन्ही पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळतो आणि मोटारीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. डिस्क बहुधा बिडाची असते. पॅड म्हणजे पोलादी पाटीवर चिकटवलेला घर्षणद्रव्याचा थर. डिस्कच्या मानाने तो लवकर झिजावा अशीच योजना असते. नव्या पॅडवर हा थर साधारण १० मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अनेक पॅडांना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळल्यासारखा आवाज करते. खरखर ऐकू येऊ लागली तर पोलादी पाटीच डिस्कला घासत असण्याची शक्यता असते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तीहून पातळ डिस्क नव्या पॅडांसह वापरू नये.

इतिहास

१८८८ मध्ये बेर्था बेंझ यांनी जर्मनीत मोटारीने केलेल्या लांबच्या प्रवासात ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतील एका चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले, पण तो सामान्य मोटारींत रुळला १९५० नंतर. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ला कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० या मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रममधील ब्रेक शू ताणलेल्या स्प्रिंगांनी धरलेले असल्याने ते बदलणे पॅडपेक्षा किचकट. आजच्या अनेक छोट्या मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी जोडी आढळते.

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी चादरी आणि टॉवेल यांसाठी परिचित असली, तरी मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा पत्ताही याच वसाहतीतला आहे. कॅमशाफ्टचा ब्रेकशी संबंध नाही. साम्य एवढेच की तोही पुष्कळदा बिडाचाच ओततात. अशा औद्योगिक वसाहतींत दाबाच्या हवेची नळी सहज हाताशी असते आणि ब्रेकवरची काळी धूळ तिने उडवून देण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जुन्या किंवा अनोळखी बनावटीच्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन कर्करोगास कारण होतात. धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावी.

कृती

मोटार सपाट, टणक जागी उभी करून मागील चाकांना दगड किंवा ओट लावावी. पुढील चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे व मग जॅक चढवावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. मोटार घोडीवर टेकवल्याशिवाय काम सुरू करू नये. चाक निघाल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बऱ्याच मोटारींत कॅलिपर वर उचलला जातो. तो पूर्ण सोडवावा लागल्यास तारेने बांधून ठेवावा. रबरी नळीला लोंबकळत ठेवल्यास नळी आतून फाटू शकते.

नवे पॅड जाड असल्याने दट्ट्या शिकंज्याने सावकाश आत ढकलावा लागतो. त्या वेळी ऑइल टाकीत परत येते. पॅड झिजत असताना कोणी वरून ऑइल भरले असेल तर ते आता उतू जाते आणि रंग खराब करते. पॅडच्या दर्शनी भागाला ग्रीस वा तेलकट हात लागू देऊ नये. एका चाकाचे पॅड बदलले तर त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही बदलावेत, अन्यथा ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढली जाते. मागील डिस्कचे दट्ट्ये काही मोटारींत फिरवून आत घ्यावे लागतात, तर विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास विशेष उपकरण लागते. तेथे घरगुती प्रयत्न करू नये.

जोडणीनंतर

दट्ट्या मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट तळाला टेकते. ते घट्ट लागेपर्यंत जागेवरच पुन्हा पुन्हा दाबावे. ही पायरी विसरून मोटार बाहेर काढल्यास ब्रेक मुळीच लागत नाही. पेडल तरीही मऊ राहिले तर नळ्यांत हवा शिरल्याची किंवा कोठे गळती असल्याची शंका घ्यावी व मोटार फिटरला दाखवावी. चाकाचे नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावे. पहिले काही शे किलोमीटर, शक्य तेवढे, जोराचे ब्रेक टाळावे, म्हणजे पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी मिळतो.