ओठाचं ऑपरेशन झालं, तरी ओठ वेगळा का दिसतो?



आपल्या दिघाशीसारख्या गावात एखादं मूल तोंडावर हात ठेवून बोलताना दिसतं. चौकशी केली की कळतं, ओठ जन्मतः दुभंगलेला होता, लहानपणी ऑपरेशनही झालं. मग पालक विचारतात, "गुरुजी, टाके घातले होते, तरी असं का?" आज तेच समजून घेऊ.

ओठ का दुभंगतो?
गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात वरचा ओठ तयार होतो. बाजूचा भाग मधल्या भागाशी जुळला नाही, तर फट राहते. जगात साधारण 700 बाळांमागे एकाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते. आईने ग्रहणात विळी धरली म्हणून हे होत नाही. त्या माऊलीला दोष देऊ नका.

नंतर व्यंग का राहतं?
बाळ 3 ते 6 महिन्यांचं असताना ओठ शिवतात. पण व्रण आकसतो, चेहरा मात्र वाढत राहतो. त्यामुळे ओठ आखूड होतो, पातळ राहतो किंवा मधोमध खाच पडते. कधी आतले स्नायू नीट जुळलेले नसतात. म्हणजे दर वेळी पहिलं ऑपरेशन फसलं असं नाही.

दुरुस्ती कशी करतात?
1) जुना व्रण काढून स्नायू पुन्हा जुळवतात.
2) ओठ पातळ असेल तर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून ओठात भरतात. त्यातली काही विरघळते, म्हणून पुन्हा भरावी लागू शकते.
3) वरचा ओठ फारच अपुरा असेल तर खालच्या ओठाचा त्रिकोणी तुकडा वर बसवतात. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबी यांनी 1898 मध्ये ही पद्धत मांडली. आपलं आंब्याचं भेटकलम आठवा! कलम जुळेपर्यंत फांदी मूळ झाडापासून तोडत नाहीत. तसंच इथे रक्तवाहिनीचा देठ राखतात. दोन-तीन आठवडे दोन्ही ओठ जोडलेले राहतात, मूल पातळ पदार्थांवर असतं. मग देठ कापतात.
4) हिरडीतही फट असेल तर सुळा येण्याआधी, साधारण 8 ते 11 व्या वर्षी, कमरेचं थोडं हाड तिथे भरतात. हे वय चुकवू नका.

ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं, ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती.

आपण काय करायचं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. दुभंगलेला ओठ आणि टाळूही त्यात येतात. पथक शाळेत आलं की "याचं झालंय" म्हणून मूल मागे ठेवू नका, जुने कागद घेऊन पुढे करा. मुंबईत केईएम आणि सायन रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत.

वर्गात प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण त्याला जड जात असतील किंवा आवाज नाकातून येत असेल, तर हसू येऊ देऊ नका. वाचा-उपचाराचा सल्ला द्या. व्यंगावरून नाव पडलं असेल तर ते आजच थांबवा. डॉक्टर ओठ दुरुस्त करतील, पण तोंडावरचा हात खाली आणणं आपल्याच हातात आहे.