लाल माती आणि लोखंडी पिंजरा

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे हळदीच्या मुलखातले गाव. माघ-फाल्गुनात हळद काढायची, शिजवायची, वाळवायची आणि त्याच दिवसांत गावोगावच्या जत्रांतील फडही गाजवायचे, हा या परिसरातील पहिलवानाचा दुहेरी हंगाम. अलीकडे त्यात एका तिसऱ्या आकर्षणाची भर पडली आहे. मोबाईलच्या पडद्यावर आठ कोनी पिंजऱ्यातील लढती हा तरुण पाहतो. ठोसा, लाथ, पट, गळफास असे जवळजवळ सर्वच ज्यात चालते, ते हे ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’. मग त्याला प्रश्न पडतो: कुस्ती तर येते, आता पुढे काय शिकावे? कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, की थोडे थोडे सगळेच?

वरवर पाहता हा प्रश्न क्रीडेचा आहे; वास्तविक तो तुटपुंज्या साधनांच्या वाटपाचा आहे. शेतातील काम उरकल्यावर उरणारे दोन तास, घरचे दूध-तूप आणि विशी-पंचविशीतील मोजकी वर्षे, एवढेच त्याचे भांडवल. त्यातील एक तास लाथ शिकण्यात गेला तर तो दुसऱ्या कशातून तरी वजा होतो. शहरातील श्रीमंत व्यायामशाळेत चार शिक्षक चार विद्या शिकवतात. तेथील सल्ला येथे जसाच्या तसा आणणे म्हणजे कोरडवाहू रानात उसाची लागण करणे होय.

या क्रीडाप्रकाराचा इतिहास मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे पहिली ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ भरली, तेव्हा अंगाने फारसा भारी नसलेला ब्राझिलियन जिउजित्सूचा रॉइस ग्रेसी एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून विजयी झाला. त्यांत एक बॉक्सरही होता. पुढील काही वर्षांत कुस्तीगीरांनी हे फास टाळण्याची कला आत्मसात केली आणि त्यांचे वर्चस्व आले. नंतर ठोशांत तरबेज असलेल्यांनी पट अडवणे शिकून घेतले. यातून ध्यानात येते ते असे की, एकच विद्या पुरेशी ठरली नाही. पण जे टिकले त्यांच्याजवळ एक विद्या मुरलेली होती आणि बाकीच्या विद्या तिच्या रक्षणापुरत्या होत्या.

शिरड शहापूरच्या तरुणाजवळ अशी मुरलेली विद्या आहेच. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे ज्याच्या हाती तो अर्धी लढाई जिंकतो, आणि ही सत्ता कुस्तीगीराकडे असते. परंतु मातीतील काही सवयी पिंजऱ्यात घातक ठरतात, याची चर्चा तालमीत फारशी होत नाही. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. म्हणून खाली आलेला पहिलवान पोटावर वळतो आणि पाठ वर ठेवतो. पिंजऱ्यात पाठ टेकल्याने हार होत नाही. उलट प्रतिस्पर्ध्याला पाठ दिली की मागून गळ्याभोवती हात पडतो आणि काही क्षणांत शुद्ध हरपते. वर्षानुवर्षे घोटलेली, एरवी तारणारी सवय येथे बुडवते.

दुहेरी पटाचेही तसेच. डोके खाली घालून पायांत शिरताना मान उघडी पडते. भारतात जन्मलेला, यूएफसीने करारबद्ध केलेला पहिला खेळाडू भरत खंडारे हा महाराष्ट्राचा, कुस्तीच्या पायावर उभा राहिलेला. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत मानेला पुढून घातलेल्या फासाने त्याला शरण आणले. या पराभवाने कुस्ती खोटी ठरत नाही. तिच्या शेजारी आणखी काय हवे, एवढेच त्यातून कळते.

म्हणून दुसरी विद्या फासाची आणि सांधेकुलपाची असावी. त्यासाठी जिउजित्सू सर्वोत्तम खरे, परंतु त्याचा शिक्षक लहान गावाच्या आवाक्यात नाही. ज्यूदोचा मार्गदर्शक जिल्ह्याच्या वा विभागाच्या ठिकाणी मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक. आजच्या ज्यूदोत पाय धरून पट काढण्यास मनाई आहे, त्यामुळे पहिलवानाला प्रारंभी हात बांधल्यासारखे वाटेल. पण जमिनीवर गळा आणि कोपर कसे सांभाळावे, हे तेथे रीतसर शिकता येते. तिसरी विद्या बॉक्सिंग, तीही मुख्यत्वे ठोसा चुकवून जवळ शिरण्यापुरती. उंच लाथा डोळ्यांना सुखावतात. मात्र पाय उचलला की कुस्तीगीराचे मूळ बळ, म्हणजे जमिनीवरची पकड, क्षणभर जाते. त्या विद्या नंतर.

ज्यूदो आणि बॉक्सिंग यांच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि घरच्या माणसांना तेच अधिक पटेल. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि ते मान्यताप्राप्त स्पर्धांतील यशावर मिळते. कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग हे ऑलिंपिकमधील खेळ. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांत मिश्र युद्धकलेचा समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तथापि गावातील मुलाला त्याचा लाभ पोचण्यास अवधी लागणार. पिंजऱ्याचे स्वप्न फसले तरी ज्यूदोतील प्रमाणपत्र फुकट जात नाही. हा हिशेब लक्षात घ्यायलाच हवा, कारण या खेळात डोक्यावर वारंवार आघात होतात. खांदा निखळलेला पहिलवान पुन्हा उभा राहतो. मेंदूची इजा तशी भरून येत नाही, आणि खाजगी लढतींत उपचाराचा खर्च कोण सोसणार, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारण्याचे भान विशीतील मुलाला क्वचितच असते.

नियम बदलले की जुनी विद्या पुन्हा शिकावी लागते, हे महाराष्ट्राला नवे नाही. १९४८ मध्ये लंडनला खाशाबा जाधव गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रथमच लढले व सहावे आले. हेलसिंकीचे कांस्यपदक १९५२ चे. मधली चार वर्षे गादीची सवय करण्यात गेली, आणि दुसऱ्या प्रवासासाठी त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. दोहोंचे विजेते अखेरीस समोरासमोर येतात. एका मल्लाला दोन पृष्ठभाग पेलण्यासाठी एवढे झिजावे लागले, तेथे चार विद्या एका हंगामात अंगी बाणतील असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे किती लक्ष द्यावे?

सुरुवात करण्यास पैसाही लागत नाही. रोजची लढत संपल्यावर, वस्तादांच्या परवानगीने, त्याच हौद्यात दोघांनी आणखी पाच मिनिटे झुंजावे: चीत झाल्यावर थांबायचे नाही, खालच्याने पोटावर वळायचे नाही, पाठ मातीलाच टेकलेली ठेवून गुडघे वर आणायचे आणि मान सोडवायची. पहिले आठ दिवस सगळेच सवयीने पोटावर वळतील.