जुलाब थांबले, मग पाय का गळाले? पोटातला जंतू आणि आपल्यावरच उलटणारी प्रतिकारशक्ती

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या रुग्णालयांत हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागोमाग येऊ लागले. कुणाला जिना चढता येईना, कुणाला हातात चमचा धरता येईना, काहींना तर श्वास घेण्यासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. त्यातल्या अनेकांच्या आजाराची सुरुवात मात्र अगदी साधी होती. काही दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, पोटात दुखलं होतं आणि ते बरंही झालं होतं.

आजाराचं नाव होतं गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. पुणे परिसरात मात्र काही आठवड्यांतच संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत येऊ लागली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जीवाणू सापडला, तर काहींत नोरोव्हायरस. विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला गेला आणि चिकन खायचं की नाही, यावर घराघरांत चर्चा झाली.

पण जुलाबाचा जंतू पाय कसे लुळे करतो? खरं तर तो करतच नाही. तो पायांपर्यंत पोहोचतही नाही. पाय लुळे पडतात ते आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे.

आतड्यात नेमकं काय घडतं?

जेवणातून, पाण्यातून रोज असंख्य जंतू आपल्या पोटात जातात. पहिला अडथळा असतो जठरातल्या आम्लाचा. बरेच जंतू तिथेच मरतात. जे सुटतात त्यांना आतड्याच्या अस्तरावरचा चिकट स्राव अडवतो. या स्रावात आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, पेरलेली असतात. आपलं शरीर रोज काही ग्रॅम आयजीए तयार करतं. बाकी सगळ्या प्रकारच्या अँटीबॉडी मिळूनही रोज इतक्या तयार होत नाहीत. आयजीएचं काम शांतपणे चालतं. ती जंतूला चिकटते, त्याची गुठळी करते आणि त्याला अस्तराला चिकटू न देता बाहेरची वाट दाखवते. यात मारामारी नाही, सूज नाही.

कॅम्पिलोबॅक्टर या पहाऱ्यातून निसटण्यात तरबेज आहे. आकाराने तो स्क्रूसारखा पिळदार. चिकट स्रावात तो भोकं पाडत गेल्यासारखा पोहत जातो. पोहण्यासाठी त्याला शेपटी असते. बहुतेक जीवाणूंच्या शेपटीतलं प्रथिन आपल्या पेशी लगेच ओळखतात आणि धोक्याची घंटा वाजवतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या शेपटीची घडण मात्र थोडी वेगळी आहे, त्यामुळे ती घंटा वाजतच नाही. आजारी पाडायला त्याचे काहीशे जंतूही पुरतात. कॉलऱ्याला सहसा याच्या कितीतरी पट जास्त जंतू लागतात.

कॉलऱ्याचा जंतू, म्हणजे जुन्या पिढीच्या बोलीतली पटकी, अस्तराच्या वरच बसून विष सोडतो. कॅम्पिलोबॅक्टर थेट पेशींमध्ये घुसतो. तो आत आला की मग मात्र शरीर जागं होतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, ताप चढतो, पोटात कळा येतात, कधी शौचातून रक्तही जातं. म्हणजे आपण ज्याला आजार म्हणतो, त्याचा बराचसा भाग ही लढाईची पडझड असते. बहुतेक लोक आठवडाभरात बरे होतात. अँटिबायोटिकचीही बहुतेकांना गरज पडत नाही, पाणी आणि ओआरएस पुरतं.

मग घोटाळा कुठे होतो?

लढाई सुरू असताना शरीर या जंतूविरुद्ध नेमक्या अँटीबॉडी तयार करतं. त्या रक्तात फिरतात आणि जंतूच्या अंगावरची खूण ओळखतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. त्याच्या काही वाणांमध्ये या साखळ्या आपल्या मज्जातंतूंवर असलेल्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारख्या हुबेहूब दिसतात. त्यातला एक रेणू म्हणजे जीएम-१.

जंतूला याचा फायदा उघड आहे. घरच्यासारखा वेश केला की पहारेकरी चटकन हात उगारत नाही. पण काही माणसांमध्ये पहारेकरी हात उगारतोच. त्या वेशाविरुद्ध अँटीबॉडी तयार होते, जंतू संपल्यानंतरही रक्तात फिरत राहते आणि तसाच वेश दिसतो म्हणून मज्जातंतूला जाऊन चिकटते. तिच्यामागून कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं येतात. जंतूंना भोकं पाडणं हे त्यांचं काम, ती इथे मज्जातंतूच्या आवरणाला भोकं पाडतात. मेंदूकडून निघालेला संदेश वाटेतच अडतो. जुलाब आणि अशक्तपणा यांच्यात साधारण एक ते तीन आठवड्यांचं अंतर दिसतं, ते यामुळेच. अँटीबॉडी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

(गंमत म्हणजे कॉलऱ्याचं विषही आतड्याच्या पेशीत शिरण्यासाठी याच जीएम-१ रेणूचा दरवाजा वापरतं. पण कॉलऱ्याचा जंतू त्याची नक्कल करत नाही, म्हणून कॉलऱ्यानंतर असा लकवा दिसत नाही.)

हा निव्वळ अंदाज नाही. १९९०च्या सुमारास उत्तर चीनमधल्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलांना अचानक लकवा होत असल्याचं चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यामागेही कॅम्पिलोबॅक्टर निघाला. २००४ मध्ये नोबुहिरो युकी यांच्या जपानी गटाने सशांना जिवंत जंतू दिलाच नाही, फक्त त्याच्या आवरणातला साखरेचा भाग टोचला. सशांचे पाय लुळे पडले. २०१९ मध्ये पेरूमध्ये जीबीएसची इतकी मोठी साथ आली की सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. तिथेही धागा कॅम्पिलोबॅक्टरकडेच गेला.

तरीही प्रमाण लक्षात ठेवायला हवं. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. जंतूचा वाण नक्कल करणारा असावा लागतो आणि माणसाचं शरीरही त्या नकलेवर चिडणारं असावं लागतं. ते नेमकं कुणाचं चिडेल, हे आज कुठल्याही चाचणीतून आधी कळत नाही. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. पुण्यात एकाच भागात इतके रुग्ण दिसले याचा अर्थ, त्या भागात जुलाबाची बाधा त्याहून कितीतरी जास्त लोकांना झाली असणार.

उपचार काय करतात?

अँटीबॉडीच शत्रू झाली असेल तर दोनच वाटा उरतात. एक, रक्तातला प्लाझ्मा बदलून ती काढून टाकायची. दुसरी वाट म्हणजे आयव्हीआयजीची इंजेक्शनं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या निरोगी अँटीबॉडी मोठ्या प्रमाणात शिरेतून देतात. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात. एकेका बाटलीची किंमत हजारोंत असते, त्यामुळे पुण्यात अनेक कुटुंबांची झोप आधी आजाराने आणि मग बिलाने उडाली. स्टेरॉइडचा मात्र या आजारात उपयोग होत नाही.

दिलासा एवढाच की जंतू गेल्यामुळे अँटीबॉडी हळूहळू ओसरतात आणि बहुतेक रुग्ण सावरतात. पण हे सावरणं महिनोन्‌महिने चालतं. साधारण पाचातला एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही. त्यामुळे जुलाबानंतर पायांना मुंग्या येणं, उठता-बसता तोल जाणं, चेहरा वाकडा होणं असं काही दिसलं तर 'अशक्तपणा असेल' म्हणून वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

'आम्हाला या पाण्याची सवय आहे', हे कितपत खरं?

हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं आणि ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत स्वेच्छेने तयार झालेल्या लोकांना मुद्दाम कॅम्पिलोबॅक्टर पाजून पाहिला गेला. एकदा आजारी पडलेल्यांना महिनाभराने तोच जंतू पुन्हा दिला, तेव्हा ते आजारी पडले नाहीत. जंतू मात्र त्यांच्या पोटात राहू शकला. गरीब देशांत मोठी मुलं आणि प्रौढ हा जंतू अंगावर बाळगूनही ठणठणीत दिसतात, ते यामुळेच.

पण ही सवय फुकट लागत नाही. तिची किंमत लहान मुलं मोजतात. आठ देशांतल्या बाळांचा जन्मापासून दोन वर्षांपर्यंत माग काढणाऱ्या 'माल-एड' अभ्यासात आपल्याकडचं वेल्लोरही होतं. ज्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टरची बाधा वारंवार झाली, त्यांची उंची दोन वर्षांच्या वयात कमी भरली. त्यातली बरीच बाधा जुलाबाशिवाय झाली होती, म्हणजे आईवडिलांना काही कळलंही नसेल.

मग लस का नाही? इथे पुन्हा तोच वेश आडवा येतो. लशीत जंतूच्या आवरणाचा तो भाग राहिला, तर निरोगी माणसाला आपण होऊन जीबीएसच्या वाटेवर लोटण्याची भीती. म्हणून त्या साखळ्या वगळून, जंतूच्या इतर खुणा वापरून लस करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. वापरासाठी मंजूर झालेली लस आजही नाही. तोवर या जंतूच्या दोन कमजोऱ्या हाताशी आहेत. पाणी उकळलं किंवा त्यात पुरेसं क्लोरीन टाकलं की तो मरतो आणि चिकन आतपर्यंत नीट शिजलं तरीही मरतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४२ अंशांच्या आसपास असतं, तिथे तो मजेत वाढतो आणि कोंबडीला बहुधा काही होतही नाही. त्यामुळे कोंबडी धडधाकट दिसत होती, यावरून मांसाबद्दल काहीच कळत नाही.