जुन्या टीव्हीला पाय लावताय? आधी हे वाचा

मुंबई दूरदर्शन १९७२मध्ये सुरू झाले आणि पुढे लाकडी शटरचा टीव्ही घराची शान ठरला. आता तोच टीव्ही अनेक जण शोभेसाठी नवे पाय लावून दिवाणखान्यात ठेवतात. धोका इथेच आहे.

कलंडतो का?
पिक्चर ट्यूबची पुढची काच जाड असते, त्यामुळे वजन पुढे झुकते. पाय फार आत बसवले, तर मुलाच्या धक्क्यानेही टीव्ही पुढे कोसळू शकतो.

काय कराल?
• पुढचे पाय पडद्याखालीच, थोडे बाहेर तिरके लावा.
• स्क्रू तळफळीच्या जाडीपेक्षा आखूड घ्या.
• तळ कुजका असेल, तर टीव्ही मजबूत लाकडी स्टँडवर ठेवा.
• मागचे झाकण उघडू नका. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते काम मेकॅनिकचेच.